द्वेष पसरवणाऱ्याच्या घराचा उंबरठा: खासगी माहिती छापण्याआधी बातमीदाराने काय काय करावं

ऑक्टोबर १९६५चे शेवटचे दिवस. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका साध्या उपाहारगृहात दोन माणसं समोरासमोर बसली होती. एक ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा बातमीदार मॅकँडलिश फिलिप्स. दुसरा अठ्ठावीस वर्षांचा डॅनियल बरोज. हा बरोज आधी अमेरिकन नाझी पक्षात होता आणि आता कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा न्यूयॉर्क राज्यातला म्होरक्या होता. ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांविरुद्ध गरळ ओकणं हेच त्याचं जगणं झालं होतं. फिलिप्सने त्याला सांगितलं की तुझ्या आईवडिलांचं लग्न ब्रॉन्क्समध्ये ज्यू पद्धतीने लागल्याची नोंद माझ्याकडे आहे. बरोजने विचारलं, छापणार का? आणि छापलंस तर तुला मारून टाकीन, अशी धमकी दिली.

रविवारी, ३१ ऑक्टोबरला, बातमी पहिल्या पानावर आली. क्लॅनचा म्होरक्या आपलं ज्यू मूळ लपवतो, असा तिचा मथळा होता. बरोज तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी एका सहकाऱ्याच्या घरी होता. त्याच दिवशी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. कसं, ते इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल.

डेस्कवर नवीन मुलं-मुली आली की मी त्यांना ही गोष्ट सांगतो आणि विचारतो, तुम्ही छापली असती का? निम्मे पटकन ‘हो’ म्हणतात, निम्मे पटकन ‘नाही’. दोन्ही उत्तरांत घाई असते. माझं मत असं: बातमी छापायलाच हवी होती. पण अशी बातमी छापायची तर तिच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे सहा महिनेही आपल्या अंगावर घ्यावे लागतात. त्या दिवसांत नेमकं काय करायचं, ते पायरीपायरीने लिहितो आहे. जिल्हा आवृत्तीत, साप्ताहिकात किंवा स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर एकट्याने काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडावं, कारण त्यांना विचारायला कायदेशीर सल्लागारही नसतो आणि वरिष्ठही.

पहिली पायरी: आधी त्याचं जाहीर काम कागदावर मांडा

खासगी माहिती हातात आली की बातमीदाराचं डोकं तिकडेच धावतं. ती बाजूला ठेवा. एका कागदावर फक्त एवढं लिहा: हा माणूस कोण, कोणत्या पदावर, त्याने जाहीरपणे काय म्हटलं, काय केलं, त्यातून कुणाचं नुकसान झालं. तारखांसकट. भाषणाची चित्रफीत, पत्रक, गुन्ह्याची नोंद, निवडणुकीचं शपथपत्र, जे असेल ते.

हा कागद अर्ध्या पानाच्या आत संपला तर बहुतेक वेळा बातमीच नसते. चार रागीट पोस्ट टाकणारा एकोणीस वर्षांचा पोरगा आणि राज्यभर सभा घेणारा नेता यांना एकच माप लावता येत नाही. बरोजच्या बाबतीत हा कागद भरगच्च होता. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेची समिती क्लॅनची जाहीर चौकशी करत होती आणि संघटनेतले पदाधिकारी प्रकाशात येत होते. तो स्वतःहून सार्वजनिक माणूस झाला होता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या राजगोपाल प्रकरणात हाच धागा पकडला आहे. तमिळ साप्ताहिक ‘नक्कीरन’ला फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र छापायचं होतं. न्यायालय म्हणालं की माणसाचं लग्न, कुटुंब, मुलंबाळं यांबद्दल त्याच्या संमतीविना छापता येत नाही. पण जे सार्वजनिक नोंदीत आहे त्याला ही आडकाठी नाही, आणि जो स्वतःहून वादात उडी घेतो त्याची गोष्ट वेगळी असू शकते. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हे दोन निकाल आपल्या कामाची चौकट आहेत. दोन्हींचा सारांश टेबलाच्या काचेखाली असू द्या.

दुसरी पायरी: जोडणीचं वाक्य लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खासगी गोष्ट आणि जाहीर काम यांना जोडणारं एकच वाक्य लिहायचं. उदाहरणार्थ: ‘हा माणूस परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांविरुद्ध मोर्चे काढतो आणि त्याची स्वतःची संस्था परदेशी पैशावर चालते.’ हे वाक्य उभं राहतं, कारण मधला सांधा पक्का आहे. आता हे पाहा: ‘हा माणूस अमुक धर्माविरुद्ध भाषणं करतो आणि त्याच्या मुलीने त्याच धर्मातल्या मुलाशी लग्न केलं आहे.’ वरवर पाहता हेही जुळतं आणि मथळा तर तयारच आहे. पण वाक्याचा दुसरा भाग कुणाचा आहे? मुलीचा. भाषणं तिने केलेली नाहीत. बापाला उघडं पाडण्यासाठी आपण तिचं लग्न चव्हाट्यावर आणणार आणि बापाच्या चिथावलेल्या टोळक्याला तिच्या दाराचा रस्ता दाखवणार. ही बातमी होत नाही. फार तर मुलगी स्वतः बोलायला तयार असेल, परिणाम समजून-उमजून, तर तो वेगळा विषय.

माझी ढोबळ वाटणी अशी आहे.

पैसा बहुतेक वेळा खासगी नसतो. वर्गणी कुठे गेली, जमीन कुणाच्या नावावर झाली, गाड्या कोण पुरवतं, हे सगळं विचारण्याचा वाचकाला हक्क आहे. पूर्वी वेगळ्या नावाने केलेली कामं, वेगळ्या संघटनेतली पदं, हीही छापता येतात.

आजार, औषधं, मानसिक उपचार यांना हात लावू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला बंदी आहे. ‘तो वेडाच आहे’ असं सुचवणारी बातमी आणखी एक अन्याय करते: मानसिक आजार असलेल्या, कुणाचंही वाईट न केलेल्या माणसांना ती द्वेषाच्या ओळीत नेऊन बसवते.

घराचा पत्ता, मुलांची शाळा, गाडीचा क्रमांक कधीही नको. यांचा वाचकाला उपयोग शून्य, दगड मारणाऱ्याला मात्र पुरेपूर.

लैंगिक आयुष्याबद्दल मी फार कडक आहे. समलिंगी लोकांविरुद्ध कायदे करायला निघालेला नेता स्वतः समलिंगी असेल तर ते छापावं का, हा वाद जगभर चालतो. त्याने सत्ता वापरून इतरांचं आयुष्य नासवलं असेल आणि पुरावा भक्कम असेल, तर मी शेवटचा पर्याय म्हणून विचार करीन. नुसता तो पक्ष आवडत नाही म्हणून कधीच नाही.

आणि एक गोष्ट जी आपण उगाच ‘घरगुती’ म्हणून सोडतो: बायकोला किंवा मुलांना मारहाण. तो गुन्हा आहे. त्याला खासगीपणाची चादर नाही. मात्र इथेही निर्णय आधी त्या बाईचा. तिला तक्रार करायची आहे का, तिला जाण्यासाठी सुरक्षित जागा आहे का, हे ठरल्याशिवाय बातमी तिच्यावरच उलटते. लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, कामाची जागा, यांतूनही ओळख पटते, हे लक्षात ठेवा.

बरोजच्या बातमीतलं जोडणीचं वाक्य मला पटतं: वंशाच्या शुद्धतेवर उभी असलेली त्याची सगळी शिकवण त्याच्या स्वतःच्या जन्माने खोटी ठरत होती. पण त्यात एक काटा आहे आणि तो बोचला पाहिजे. ‘हा तर मुळात ज्यू निघाला’ असं लिहिताना ज्यू असणं हे लपवण्यासारखं, लाजेचं काहीतरी आहे, असा सूर लागतो. म्हणजे रक्तावरून माणूस ठरवण्याचं नाझींचं माप आपणच हातात घेतो. आपल्या गावांत हीच चूक जातीवरून होते. एखाद्या पुढाऱ्याचं ढोंग उघडं पाडताना ‘तो खरं तर अमक्या जातीचा’ असं छापलं की घाव पुढाऱ्यावर बसतच नाही, त्या जातीवर बसतो. म्हणून जोडणीच्या वाक्यात ‘मुळात’, ‘खरं तर’, ‘रक्ताने’ असे शब्द आले की पेन खाली ठेवा आणि वाक्य पुन्हा लिहा. ढोंग कृतीतलं दाखवा. जन्म हा पुरावा म्हणून एकदा येऊ द्या, कलंक म्हणून नको.

तिसरी पायरी: टीप देणाऱ्याला काय हवं आहे ते पाहा

हंगेरीचा चनाद सेगेदी हा योब्बिक या अतिउजव्या पक्षाचा नेता. २००९मध्ये युरोपीय संसदेत निवडून गेला आणि हंगेरियन गार्ड या पक्षाच्याच, बंदी आलेल्या गणवेशधारी दलाचं जाकीट घालून सभागृहात बसला. २०१२मध्ये जाहीर झालं की त्याची आजी ज्यू होती आणि ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेली होती. ही माहिती आधी बाहेर काढली ती कुण्या शोधपत्रकाराने नव्हे. त्याच्याच गोटातल्या एका प्रतिस्पर्ध्याने ती हत्यारासारखी वापरली. सेगेदीने पक्ष सोडला आणि पुढे तो स्वतः ज्यू धर्म पाळू लागला.

म्हणजे खरी माहितीसुद्धा अत्यंत गलिच्छ हातांतून येऊ शकते. तेवढ्याने ती फेकून देऊ नका. पण टीप देणारा त्याच संघटनेतला असेल तर आपण त्यांच्या भांडणात कुणाचं तरी काम करून देतो आहोत का, हे तपासा. आणि वाचकाला निदान एवढं सांगा की ही माहिती संघटनेतल्या अंतर्गत वादातून आली. नाव देऊ नका, हेतू सांगा.

चौथी पायरी: खातरजमा, आणि ती कशी केली याचाही हिशेब

फिलिप्सने ऐकीव माहितीवर भिस्त ठेवली नाही. बरोजचं बालपण, शाळा, धार्मिक संस्कार यांची माहिती बातमीदारांनी काढली आणि आईवडिलांच्या लग्नाच्या नोंदीने शेवटचा सांधा बसवला. अशी नोंद हाती येईपर्यंत बातमी थांबवायची.

याच्या उलट २०१७च्या ऑगस्टमध्ये घडलं. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मशाली घेऊन मोर्चा काढला. इंटरनेटवरच्या उत्साही लोकांनी फोटोतले चेहरे ओळखायला सुरुवात केली. एका माणसाच्या अंगावर आर्कान्सा विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेचं नाव असलेला शर्ट होता. लोकांनी त्या विद्यापीठातला एक प्राध्यापक शोधून काढला आणि त्याचं नाव फिरवलं. तो प्राध्यापक त्या संध्याकाळी शेकडो मैल दूर, आपल्याच राज्यात होता. धमक्यांचा एवढा मारा झाला की त्याला बायकोसह मित्राकडे आसरा घ्यावा लागला. सारखी दाढी आणि एक शर्ट, एवढ्यावर हे झालं.

आपल्याकडे हे व्हॉट्सअॅपवर रोज होतं. म्हणून नियम साधा ठेवा: चेहऱ्यावरून ओळख नाही. कागद एक, आणि त्या माणसाला प्रत्यक्ष ओळखणारा साक्षीदार दुसरा. दोघांचा एकमेकांशी संबंध नसावा.

माहिती कशी मिळवली हेही तितकंच महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये २००८ साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने मोटार शर्यतींच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांच्या शयनगृहातली दृश्यं छापली. त्यांचे वडील ऑस्वल्ड मोस्ली हे १९३०च्या दशकातल्या ब्रिटिश फासिस्टांचे पुढारी. पेपरने म्हटलं, मुलानेही नाझी थाटाचा खेळ केला, म्हणून हे लोकहिताचं आहे. न्यायमूर्ती ईडी यांनी सगळा पुरावा पाहून सांगितलं की नाझी थाट काही नव्हताच, त्यामुळे लोकहितही नव्हतं. पेपरला ६०,००० पौंड भरपाई द्यावी लागली. त्या प्रकरणातली एक गोष्ट मला अधिक लागते. तिथे असलेल्या इतर स्त्रियांना पेपरच्या माणसाने कळवलं होतं की आम्हाला मुलाखत द्या, नाही तर तुमचे चेहरे न झाकता छापू. न्यायाधीशांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. ‘बोल, नाहीतर छापतो’ हे आपल्या तालुक्यांतही ऐकू येतं. ती खंडणी आहे, मग समोरचा कितीही नालायक असो.

बापाच्या पापाचा हिशेब मुलाकडे मागायची सवयही त्या बातमीत दिसते. ती सवय मोडा.

पाचवी पायरी: घरातल्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहा

बातमी छापल्यावर कुणाकुणाला झळ बसेल, त्यांची यादी करा. आई, वडील, बायको, मुलं, भाडेकरू, एकाच आडनावाचे शेजारी, त्याच्या दुकानात कामाला असलेला पोऱ्या. प्रत्येक नावापुढे लिहा: याने काय केलं? ‘काही नाही’ असं उत्तर आलं की ते नाव, तो फोटो, ते दुकान बातमीतून बाहेर. प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत हे स्पष्ट आहे: आरोपी किंवा दोषी माणसाचे निरपराध नातेवाईक, ज्यांचा विषयाशी संबंध नाही, त्यांची ओळख छापू नये. अल्पवयीन मूल असेल आणि कायद्याच्या कचाट्यात आलं असेल, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहेच.

हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका मुलाला चिथावणीखोर पत्रकं वाटल्याच्या संशयावरून उचललं. रात्री साडेअकराला पान सोडायचं होतं. बातमीदाराने मजकुरात गल्लीचं नाव आणि ‘आई मंडईत भाजी विकते’ एवढं टाकलं होतं. मी डेस्कवर होतो. मला ते बरं वाटलं, बातमीला माणूस मिळाला असं वाटलं. मी ते राहू दिलं.

तिसऱ्या दिवशी ती बाई ऑफिसच्या फाटकाशी आली. पेपराचं पान चौकोनी घडी घालून ब्लाउजात ठेवलेलं होतं, घामाने ओलं. वॉचमनने मला खाली बोलावलं. ती ओरडली नाही. पान उघडून तिने तर्जनी त्या ओळीवर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी ओळ दाखवून दिली असणार. म्हणाली, “साहेब, मेथीच्या पंधरा जुड्या तशाच आहेत बघा. गिऱ्हाईक समोरून जातं, माझ्याकडे बघतं आणि पुढच्या गाळ्यावर घेतं.” मुलगा पुढे आरोपपत्राविनाच सुटला. ती बातमी आतल्या पानावर दोन ओळींत गेली. तिचा गाळा तोवर दुसऱ्याकडे गेला होता.

त्या ओळीने वाचकाला काहीच जास्तीचं कळलं नव्हतं. मजकूर वाचताना आता मी प्रत्येक अशा तपशिलाला हाच प्रश्न विचारतो.

सहावी पायरी: ‘अतिरेकी’ हा शब्द कधी वापरायचा

मालेगावात २००६ साली स्फोट झाले. नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले, वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. तोवर त्यातला एक जण हयातही नव्हता. त्याच गावात २००८मध्ये पुन्हा स्फोट झाला. त्या खटल्यातले सातही आरोपी जुलै २०२५मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. दोन्ही वेळा अटकेच्या बातम्यांत आरोपींची घरं, पूर्वायुष्य, नातीगोती यांवर रकाने भरले गेले. तपास कसा झाला याबद्दल तुमचं माझं मत काहीही असो. निकालाआधी माणसाला किताब लावून त्याच्या घरात शिरलं की नंतर तो किताब कुणीच उतरवत नाही.

म्हणून अटक झालेला ‘संशयित’, आरोपपत्र आलेला ‘आरोपी’, शिक्षा झालेला ‘दोषी’. जाहीर भाषणांसाठी ‘द्वेषपूर्ण भाषण करणारा’ म्हणा आणि ते भाषणच उद्धृत करा. पोलिसांच्या पत्रकातला शब्द आपल्या मथळ्यात उतरवू नका. आणि जोवर नुसता संशय आहे तोवर खासगी आयुष्याची बातमीच करू नका. हा मुद्दा मी वाटाघाटीला ठेवत नाही.

सातवी पायरी: त्याच्यासमोर जा

बाजू घेणं म्हणजे छापायच्या आधी वीस मिनिटं फोन करून ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ लिहिणं नव्हे. खासगी बातमीत निदान दोन दिवस द्या. शक्यतो समोरासमोर भेटा. एकटे जाऊ नका. जागा वर्दळीची निवडा, ऑफिसात वेळ सांगून निघा. फिलिप्सला थेट जिवे मारण्याची धमकी आली होती, आपल्याकडेही येते. धमकी आली की तारीख-वेळेसह लेखी नोंद, संपादकाला कळवणं आणि पोलिसांत अर्ज, याच क्रमाने.

काय बोलायचं हे आधी लिहून न्या. मी असं बोलतो: “आमच्याकडे ही माहिती आहे. तिचा हा कागद आहे. यातलं काही चुकीचं असेल तर सांगा, मी तपासतो. छापायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत येईल.” शेवटची दोन वाक्यं खरी असतील तरच बोला.

आता बरोजच्या गोष्टीतला सर्वांत कठीण भाग. फिलिप्स धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता, टेबलावर बायबल ठेवणारा. त्याने बरोजला त्या द्वेषातून बाहेर पडायला वाट आहे हे सांगायचा प्रयत्न केला. बातमीदाराने धर्मोपदेश करावा असं मी म्हणणार नाही. पण समोरचा माणूस कोसळतो आहे, हे त्याने पाहिलं आणि त्याच्याशी माणसासारखा बोलला, हे मला मोठं वाटतं. कमी पडलं ते पुढे. बरोजच्या आयुष्यात त्या द्वेषाशिवाय काही उरलं नव्हतं, आणि बातमी नेमकी तेच काढून घेणार होती. अशा वेळी त्याच्या आईवडिलांना, एखाद्या डॉक्टरला किंवा विश्वासाच्या माणसाला आधी सावध करता आलं असतं का? आज आपल्याला तरी हा प्रश्न सोडून पुढे जाता येणार नाही.

त्यामुळे भेटीत ‘मग जगून काय करू’, ‘सगळं संपलं’ असे शब्द आले तर त्याला दबावाचं नाटक समजू नका. बातमी त्या दिवशी थांबवा. संपादकाला सांगा. त्याच्या जवळच्या एका माणसापर्यंत पोचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याला द्या. बातमी दोन दिवसांनी छापली तर फार तर दुसरा पेपर आधी छापेल. यामुळे बातमी कायमची मारायची असं नाही. धमकीने लोकहिताची माहिती दडपता येऊ नये. थांबायचं ते मदत पोचवण्यापुरतं.

आठवी पायरी: एकट्याने ठरवू नका

तीन माणसं बसवा. त्यातला एक या बातमीवर काम न केलेला असावा, आणि एक शक्यतो त्या समाजातला किंवा गटातला, ज्याच्याबद्दल बातमीत उल्लेख आहे. बरोजची बातमी मोठ्या न्यूजरूममधल्या जाणत्या संपादकांच्या नजरेखालून गेली होती. तुमच्याकडे तसे संपादक नसतील तर दुसऱ्या तालुक्यातल्या विश्वासू पत्रकाराला फोन करा. जोडणीचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. ‘का छापतोय’ हे चार ओळींत लिहून, तारीख घालून ठेवा. पुढे बदनामीची नोटीस आली तर वकिलाला तुमच्या हेतूचा हा पहिला कागद दाखवता येईल.

माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदाही ध्यानात ठेवा. आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेसाठी सवलत होती, ती या कायद्यात वेगळी दिलेली नाही. गोळा केलेली खासगी कागदपत्रं पेनड्राइव्हवर इकडे तिकडे फिरवू नका. ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाची सभासद यादी नोव्हेंबर २००८मध्ये इंटरनेटवर फुटली, तेव्हा हजारो लोकांची नावं, पत्ते, फोन एका फटक्यात बाहेर आले. त्यात पोलीस अधिकारी होता, ज्याला त्या पक्षात राहायची मनाईच होती. त्याचं नाव छापण्यात लोकहित होतंच. पण बाकी हजारो साध्या सभासदांचे पत्ते छापण्यात काय होतं? यादी हाती आली तर तिच्यातून पदावरचे शोधा. बाकी यादी कुलपात.

नववी पायरी: लिहिताना

मथळा सर्वात शेवटी, आणि तो जाहीर कामावरच. खासगी गोष्ट पहिल्या परिच्छेदात न आणता, ती जिथे पुराव्यासारखी लागते तिथे आणा.

उलट्या बाजूचाही खड्डा आहे. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ओहायोतल्या एका तरुण नाझीवर लेख केला. त्याचं जेवण, लग्न, खरेदी, सगळं साधं, शेजारच्या पोरासारखं. वाचक संतापले, कारण त्या घरगुती तपशिलात त्याचा द्वेष मऊ होऊन गेला होता आणि ज्यांच्याविरुद्ध तो बोलत होता ती माणसं लेखात जवळपास नव्हतीच. म्हणजे खासगी आयुष्य माणसाला उघडं पाडायला वापरलं तर धोका, आणि त्याला गोड करायला वापरलं तरी धोका. माझा उपाय: त्याच्या स्वयंपाकघरावर एक परिच्छेद लिहिलात तर त्याच्या भाषणानंतर ज्याचं दुकान फुटलं त्याच्या स्वयंपाकघरावर दोन लिहा.

आत्महत्येचा उल्लेख अटळ असेल तर पद्धत, जागेचे बारकावे, चिठ्ठी, यांपैकी काही नको. एकाच कारणावर बोट ठेवू नका. मदतीचा क्रमांक द्या. प्रेस कौन्सिलने २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे हे नियम स्वीकारले आहेत, कारण तपशीलवार वर्णन वाचून त्रासात असलेला दुसरा कुणी तोच मार्ग धरू शकतो. वर बरोजबद्दल मी हात आखडता घेतला तो म्हणून.

दहावी पायरी: छापल्यानंतर

पहिल्या दिवशी प्रतिक्रियांवर लक्ष ठेवा. कुणी त्याचा पत्ता टाकला, बायकोचा फोटो टाकला, की काढा, तुमच्या पानावर असेल तर पाच मिनिटांत. चूक निघाली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच टायपात. ‘अनवधानाने’ हा शब्द न वापरता, काय चुकलं ते सरळ सांगून.

इंटरनेटवरची प्रत विसरू नका. छापील पेपर महिन्याभरात रद्दीत जातो, दुवा दहा वर्षं शोधात वर येतो. निकाल लागला, माणूस सुटला, त्याने ती संघटना सोडली, की जुन्या बातमीच्या वर तारखेसह तसं लिहा. द्वेष सोडलेल्या माणसाला जुन्या मथळ्याखाली कायमचं गाडून ठेवलं तर बाहेर पडू पाहणाऱ्या पुढच्या माणसाला आपण दाराला कडी घालतो. सेगेदीसारखी माणसं खरंच बदलतात.

डेस्कवर मी एक जाड वही ठेवली आहे. अशी प्रत्येक बातमी गेली की तिच्यात तारीख, नाव, आणि पुढे दोन तारखा: तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. त्या दिवशी बातमीदाराने न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात जाऊन प्रकरणाची स्थिती विचारायची आणि घरच्यांपैकी एकाला फोन करायचा. वहीचं पहिलं पान मी त्या भाजीवाल्या बाईसाठी मोकळं ठेवलं आहे. तिच्या गाळ्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. ती पुढे कुठे गेली, मी अजून मंडईत विचारतो.